ऊन आमच्या वाट्याला, हवामानाची पदवी कुणाच्या?

दरवर्षी जून-जुलै आला की सटाण्याच्या कोर्टाच्या आवारात विद्यार्थ्यांची गर्दी वाढते. कुणाला उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद हवे असतात, कुणाला जातपडताळणीचे, कुणाला गॅपचे अ‍ॅफिडेव्हिट. शिक्षणात वर्ष-दोन वर्षांचा खंड का पडला, हे शपथेवर सांगावे लागते. आमच्याकडे येणाऱ्या बौद्ध, मातंग, चर्मकार, भिल्ल, कोकणा मुलामुलींच्या अ‍ॅफिडेव्हिटात कारण बहुतेक वेळा एकच असते, 'घरच्या आर्थिक अडचणीमुळे'. आमच्या टायपिस्टला हे शब्द आता पाठ झाले आहेत.

अशीच एक मुलगी आली होती. मोसम खोऱ्यातल्या एका गावच्या भीमनगरातली. बी.एस्सी. प्रथम वर्गात पास. पुण्याला एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राला नंबर लागला होता. कॉलेजने आधी फी भरा म्हटले, बापाकडे पैसे नव्हते, सीट गेली. वर्षभर तिने कांद्याच्या चाळीत निवडणीचे काम केले. आम्ही विचारले, हाच विषय कशाला? डी.एड., नर्सिंग, काही लवकर पोटाला लागेल असे घे. ती म्हणाली, "सर, गारपीट झाली तेव्हा आई डाळिंबाच्या बागेत होती. बागेचा पंचनामा झाला. पुढे दोन महिने आईला काम नव्हते, त्याचा पंचनामा कुणी केला नाही. मला हेच शिकायचे आहे."

ह्या वाक्यापुढे आमची वकिली थांबली. विद्यापीठांतून हवामान बदलाचे जे शिक्षण दिले जाते, त्यात ह्या पोरीच्या प्रश्नाला जागा आहे काय? आणि ह्या पोरीला त्या शिक्षणात जागा आहे काय? आजच्या लेखाचा विषय एवढाच आहे.

संधी नाहीत असे नाही. ज्या विद्यापीठाशी आमच्या नाशिक जिल्ह्यातली कॉलेजे संलग्न आहेत आणि २०१४ पासून ज्याला सावित्रीमाईंचे नाव आहे, त्या पुण्याच्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने हवामान बदल आणि शाश्वतता ह्या विषयात पदव्युत्तर पदवी सुरू केली. आयआयटी मुंबईत हवामान अभ्यासाचे केंद्र आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात हवामान-अनुकूल शेती आणि पाणी व्यवस्थापनासाठी जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्यातून केंद्र उभे राहिले. ह्यातून पुढे सल्लागार, संशोधक, प्रकल्प अधिकारी तयार होतात. सरकारची धोरणे, कंपन्यांचे अहवाल, संस्थांचे प्रकल्प हेच लोक लिहितात. म्हणजे उद्या कुणाच्या शेतावर काय उभे राहणार आणि कुणाला किती मदत मिळणार, हे ठरवणारी लेखणी ह्या वर्गांतून घडते आहे. त्या लेखणीपाशी आपला माणूस नसेल तर काय होते, हे आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही.

आपल्या तालुक्याच्या कॉलेजात ह्या शिक्षणाचे काय रूप पोचते? एक सक्तीचा पेपर! त्याचाही इतिहास आहे. एम. सी. मेहता ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. बारा वर्षे तो धूळ खात पडला. २००३ साली न्यायालयाने पुन्हा कान उपटले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लावला. २०२३ मध्ये आयोगाने नवा आराखडा आणला, त्यात हवामान बदलही आला. कागदावर सगळे उत्तम आहे. वर्गात मात्र गाईड, दहा अपेक्षित प्रश्न आणि एकमेकांच्या वहीतून उतरवलेला प्रकल्प. ओझोनचा थर, ध्रुवावरचे अस्वल, झाडे लावा झाडे जगवा. आरम आणि मोसम नद्यांचे नावही त्यात नसते.

खरे तर बागलाणइतकी मोठी प्रयोगशाळा कोणत्या विद्यापीठाला मिळेल? मोसम आणि आरमच्या काठी शेकडो वर्षे फड पद्धतीने पाणी वाटले गेले. बंधाऱ्याचे पाणी पाळीपाळीने, टंचाई असेल तर सर्वांनी मिळून कमी क्षेत्र भिजवायचे, ही सामुदायिक शिस्त जगातले अभ्यासक वाखाणतात. आम्हीही वाखाणतो. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. फडाचे पाणी खातेदाराला मिळे. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्याचा वाटा कोणता? ह्याच महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली आणि पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशोबाने वाटले. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क दिला. फड आणि पाणी पंचायत शेजारी शेजारी ठेवून शिकवली तर विद्यार्थ्याला एका तासात कळेल, की पाणीवाटप हा पावसाच्या मिलिमीटरचा विषय आहे तसाच समतेचाही आहे.

दुसरा धडा पंचनाम्याचा. आमच्या कसमादे पट्ट्यात अवकाळी आणि गारपीट आता पाहुण्यासारखी येत नाही, घरच्यासारखी येते. तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा उपटल्या गेल्या ते आपण पाहिले. पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले तर मदत मिळते आणि ती सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. शेतकऱ्याला ती मिळालीच पाहिजे, तीही पुरेशी मिळत नाही. पण त्याच बागेत छाटणी, निंदणी, तोडणी करणाऱ्या मजुराचा त्या पंचनाम्यात रकानाच नाही. निम्म्या वाट्याने कसणाऱ्याचे नाव नाही. सटाण्यात यशवंतराव मामलेदारांचे देवस्थान आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, अशी आठवण सांगितली जाते. लोकांनी त्यांना देव केले. त्यांच्या माणुसकीला आमचा प्रणाम आहे. पण दर दुष्काळाला असा मामलेदार भेटत नाही. भुकेच्या वेळी खजिना उघडणे ही कुणाची कृपा न राहता कायद्याने बांधलेला हक्क व्हावा, म्हणून तर बाबासाहेबांनी संविधान दिले.

तिसरा धडा सर्वांत कडू आहे, तो सूर्याचा. कोळशाऐवजी सौर वीज हवी, ह्याबद्दल आमचे दुमत नाही. पण पॅनेल कुणाच्या जमिनीवर बसणार? २०२३ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली. खासगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने. सरकारी जमीन म्हणजे खेड्यात काय? बहुतांशी गायरान! आणि गायरान कोण कसतो, हे ह्या दैनिकाच्या वाचकाला ठाऊक आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड ह्याच नाशिक जिल्ह्याचे. १९५९ आणि १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांनी लढवला, लोक तुरुंगात गेले. त्या लढ्याच्या दबावातून पुढे शासन निर्णय निघाले, १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरील शेती नियमित करण्याचा निर्णय १९९१ साली झाला. अनेकांचे प्रस्ताव अजून तहसीलच्या कपाटात आहेत. हक्काचा कागद हाती येण्याआधी त्या जमिनीवर पॅनेल आले तर ती हरित क्रांती म्हणायची की नवी बेदखली? भर म्हणजे सौर प्रकल्पाला २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली मंजुरी लागत नाही, म्हणून जनसुनावणीही होत नाही. बोलायचे कुठे?

हे काल्पनिक भय नाही. आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात विखरणचे धर्मा पाटील हे ८४ वर्षांचे शेतकरी वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या तुटपुंज्या मोबदल्यासाठी दारोदार फिरले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांत त्यांचे निधन झाले. सातबारा हाती असलेल्या माणसाची ही गत, तर गायरानधारकाची काय होईल? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एम. के. रणजितसिंह खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये वाचला. जीविताच्या हक्काबरोबर समतेचा अनुच्छेद १४ ही न्यायालयाने घेतला, हे महत्त्वाचे आहे. पण हा हक्क बागलाणच्या तहसीलपर्यंत कोण आणणार? त्यासाठी हवामानही समजणारा आणि सातबाराही वाचणारा आपला पोरगा, आपली पोरगी हवी.

काही मित्र म्हणतात, पर्यावरण हा भरल्या पोटाचा विषय आहे, आपण आधी अन्याय-अत्याचाराचे पाहू. आम्हाला हे मान्य नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जमिनीची धूप, बांधबंदिस्ती आणि जंगलखात्याचा जुलूम मांडला. त्याच्या आदल्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी विचारले होते, की रयतेच्या घामाचा महसूल मूठभर वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो. दोन्ही प्रश्न एकाच माणसाचे होते, हे विसरू नये. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडला पाण्याला हात घातला आणि १९४२ ते १९४६ ह्या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्याची, देशाच्या पाणी आणि विजेच्या नियोजनाची पायाभरणी केली. चवदार तळ्यापासून दामोदर खोऱ्यापर्यंत पंधरा-वीस वर्षांचे अंतर आहे. पाण्यावर हक्क सांगणारा माणूस पाण्याचे नियोजन करण्यापर्यंत पोचला तो शिक्षणाच्या बळावर.

म्हणून दरवाजा बघितला पाहिजे, आणि दरवाजा फीपाशी अडतो. उत्तर प्रदेशातल्या एका दलित मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादची जागा १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून गेली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत मिळवून दिली. प्रत्येक मुलगा दिल्लीपर्यंत जाऊ शकतो काय? ज्या टाटा संस्थेत हवामानाची पदवी मिळते, तिथल्या विद्यार्थ्यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्तीधारकांची फी सवलत काढल्याबद्दल संप करावा लागला. बार्टीच्या संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी आपली मुले आझाद मैदानावर बसली. केंद्राच्या २०२१ च्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सूचनांमध्ये फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे, पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये हाच तिचा हेतू. आमच्या त्या मुलीला कुणी हे सांगितले नव्हते. सांगितले असते तर वर्ष वाचले असते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. विद्यापीठाने सक्तीच्या पेपरमधला प्रकल्प गावात आणावा. विद्यार्थ्याने आपल्याच वस्तीतील पाणी, ऊन, रोजगार आणि गायरान ह्यांची नोंद करावी, मराठीत करावी, अहिराणी बोलणाऱ्या आजीला विचारून करावी, आणि तिला गुण मिळावेत. पश्चिम बागलाणची अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे पेसा आणि वनहक्क कायदा हा हवामान शिक्षणाचा भागच असला पाहिजे. सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या नाशिकला मुक्त विद्यापीठ आहे. चाळीत काम करणाऱ्या मुलालाही घेता येईल असा पाणी आणि सौर तंत्राचा अभ्यासक्रम त्याने तालुक्याच्या केंद्रावर द्यावा, आणि तो निव्वळ पॅनेल पुसणारे मजूर घडवणारा नसावा. बार्टी आणि आदिवासी संशोधन संस्थेने पाणी, ऊर्जा, हवामान ह्या विषयांसाठी अधिछात्रवृत्तीत जागा राखाव्यात, आणि पैसे वेळेवर द्यावेत.

आणि सरकारला सुनावताना स्वतःलाही विचारू या. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढा खर्च होतो, त्यात किती मुलांची पहिली फी भरली जाईल? आपल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके आहेत. ती असावीतच. पण पर्यावरणशास्त्राच्या प्रवेशाची तारीख, परदेशी शिक्षणासाठीची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, फ्रीशिप कार्डाचा अर्ज ह्यांचा कागद त्या भिंतीवर आहे काय? प्रत्येक विहाराने जून महिन्यात एक रविवार ह्या कामाला दिला तरी पुष्कळ होईल. बागलाणमध्ये आम्ही वकील मंडळी कागदपत्रांचे काम विनामूल्य करायला तयार आहोत.

त्या मुलीचे अ‍ॅफिडेव्हिट आम्ही करून दिले. सही करताना तिने विचारले, "सर, कारणात दुसरे काही लिहिता येत नाही का?" शपथेवर खोटे लिहिता येत नाही, असे आम्ही तिला सांगितले. ते कारणच उरणार नाही अशी व्यवस्था करणे मात्र आपल्या हातात आहे. पुढच्या जूनमध्ये आमच्या टेबलावर असे अ‍ॅफिडेव्हिट एकाने जरी कमी झाले, तरी चळवळीने काही केले असे आम्ही म्हणू.

जयभीम!