मालेगाव, पण कुठलं?

आमच्या जिल्ह्यातला माणूस बाहेरगावी "मी मालेगावचा" म्हणाला की समोरच्याच्या डोळ्यांपुढे नाशिककडचं मालेगाव येतं. कारंज्याचंही तेच. आमचं ते कारंजा लाड, वर्ध्याकडचं ते कारंजा घाडगे. धुळ्याचं शिरपूर वेगळं आणि अंतरिक्ष पार्श्वनाथाचं शिरपूर जैन वेगळं. मंगरूळपीर आमचं, मंगरूळ दस्तगीर अमरावतीचं. ही शेपटं कशीही लागली असोत, ओळख पटण्यापुरती आहेत, त्याहून जास्त नाहीत.

खुद्द वाशीमची गंमत उलटी. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असताना वत्सगुल्म, इंग्रजांच्या कागदात बासिम, आता कुणी वाशिम लिहितं, कुणी वाशीम. १९०५ साली जिल्हा मोडून अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. नावं बदलली, हद्दी बदलल्या, गाव तेच.

तर मंडळी, आजचा विषय रस्ट. (नातेवाईकांनी घाबरू नये, ही प्रोग्रॅम लिहायची एक भाषा आहे.)

सध्या एका शेतकरी गटाच्या सोयाबीनवाल्या सभासदांच्या यादीचं काम करतोय. माहितीचा साचा प्रोटोबफमध्ये लिहिलाय आणि त्यावरून 'प्रोस्ट' नावाचं साधन रस्टचे स्ट्रक्ट आपोआप तयार करून देतं. दुबार नावं काढायची म्हणून ते हॅशसेटमध्ये टाकायचे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: दोन नोंदी एकच आहेत का हे सांगणारं 'ईक्यू' आणि नोंद कुठल्या कप्प्यात जाईल हे ठरवणारं 'हॅश'. नियम एकच: ज्या दोन नोंदी समान, त्यांचा हॅश समान असलाच पाहिजे. नाहीतर नोंद आत असूनही सापडत नाही. लग्नातल्या चपलेसारखं.

प्रोस्टच्या जुन्या आवृत्त्यांत सेटिंगमध्ये एक ओळ टाकली की सगळ्या स्ट्रक्टना डिराइव्ह करून ईक्यू आणि हॅश चिकटायचे; नव्या आवृत्त्यांत जिथे शक्य तिथे ते आपोआपच चिकटतात. बरेच जण तेच सुचवतात. मला ते पटत नाही.

एक तर ते दर वेळी चालतही नाही. शेताचे अक्षांश-रेखांश दशांशात असले की कंपायलर अडतो, कारण दशांश संख्यांत 'नॅन' नावाची एक चीज असते जी स्वतःशीच समान नसते. काही जण मग त्या संख्येचे कच्चे बिट घेऊन हॅश करतात. पण शून्य आणि उणे शून्य तुलनेत समान, बिटांत वेगळे. झाला नियमभंग!

पण माझा खरा आक्षेप दुसराच आहे. जिथे डिराइव्ह बिनतक्रार चालतं, तिथे ते प्रत्येक रकाना तपासतं. म्हणजे शेतकऱ्याने मोबाइल नंबर बदलला की तो नवा माणूस. एका माणसाला बियाण्याच्या दोन पिशव्या जाणार, आणि पिशव्या मोजक्या असल्या की शेवटचा कुणीतरी हात हलवत परत जाणार. उलट फक्त नावावर भिस्त ठेवली तर एकाच भावकीतले, बापासकट सारख्या नावाचे दोघे चुलतभाऊ एक होऊन बसतात. त्यांना कोण समजावणार?

अक्षरांचाही घोळ आहेच. 'वऱ्हाड'मधला ऱ एका कोडाने लिहिता येतो, र आणि नुक्ता जोडूनही लिहिता येतो आणि जुन्या पद्धतीने अदृश्य जोडचिन्ह घालूनही. पडद्यावर साधारण सारखंच दिसतं. रस्ट बाइट बघतं, त्याला तिन्ही वेगळे. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहतो. आणि वाशिम-वाशीम तर त्याच्या आवाक्यातच नाही.

म्हणून मी आपोआप बनलेल्या स्ट्रक्टला हातच लावत नाही. तसाही प्रोस्ट त्याला 'पार्शल-ईक्यू' आधीच देऊन ठेवतो, आपल्याला दुसरं लिहिता येत नाही. वेगळ्या फाइलमध्ये 'सभासद-ओळख' असा छोटा स्ट्रक्ट केलाय. त्यात गावाचा सरकारी कोड, गट नंबर आणि साफ केलेलं पूर्ण नाव. बस्स. त्याला खुशाल डिराइव्ह लावलंय, कारण आत काय ठेवायचं ते साधनाने नाही, गटाच्या लोकांना विचारून ठरलंय. पूर्ण नोंद हॅशमॅपमध्ये या ओळखीखाली राहते. साचा बदलून पुन्हा कोड तयार केला तरी ही फाइल तशीच राहते. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, लागू देत.

सामाईक सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असली तर सभासद एक की तीन, यावर मात्र गटाच्या बैठकीत तासभर वाद झाला. सध्या तीन धरलेत. धाकटा पुण्याला असतो, त्याचं काय ते पुढच्या बैठकीत.