धडा ‘नीट’ला येत नाही, म्हणून फाडून टाकायचा का?

आज राजकारण नाही, उसाचा भाव नाही, रस्त्याचे खड्डे नाहीत. आज अकरावीच्या केमिस्ट्रीतल्या दोन धड्यांवर लिहितोय. हसू नका. दिंद्रुड असो, तेलगाव असो की माजलगाव, ज्यांची लेकरं सायन्सला आहेत त्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच. पैसा तुमचा जातोय.

आपल्या बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकात पाचवा धडा केमिकल बाँडिंगचा, म्हणजे रासायनिक बंधांचा. दहावा धडा स्टेट्स ऑफ मॅटर, म्हणजे द्रव्याच्या अवस्थांचा. अणू अणूला कसा धरून ठेवतो ते पाचव्यात. रेणू रेणूला किती घट्ट धरतो आणि त्यावरून पदार्थ स्थायू, द्रव की वायू हे कसं ठरतं, ते दहाव्यात. ही बैलजोडी आहे. एक बैल सोडून औत हाकता येत नाही.

आता झालं काय? २०२२ मध्ये एनसीईआरटीने भार कमी करायचा म्हणून आपल्या अकरावीच्या पुस्तकातून अवस्थांचा धडा काढला. २०२३ च्या अखेरीस तो नीटच्या अभ्यासक्रमातून गेला, जेईई मेनमधूनही गेला. कात्री दिल्लीत चालली. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात धडा जागच्या जागी आहे. पण क्लासच्या फळ्यासमोर वाक्य ठरलेलं: “नीटला नाही, पुढं चला.” आणि कॉलेजात विचारावं तर तिथं पोरगं फक्त पटावर असतं. २०१८ साली शासनाने विज्ञानाच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. यंत्र लावायचा आदेश निघतो, शिकवायचा कोण काढणार?

बरं, फक्त हिशोबाने बोलू. नीट देणाऱ्या किती जणांना सरकारी मेडिकलची सीट लागते, ते प्रत्येक गावाला माहीत आहे. बाकीची लेकरं जातात कुठं? फार्मसी, कृषी, इंजिनिअरिंग. त्यासाठी एमएचटी-सीईटी. तिथं साधारण २० टक्के भर अकरावीवर असतो, आणि त्या अकरावीच्या यादीत द्रव्याच्या अवस्था आहेतच. म्हणजे ज्या धड्यावर काट मारली, तोच धडा पुढच्या दारात उभा. उसाच्या फडात कोयता चालवून, मुकादमाची उचल फेडून जी फी भरली, तिच्यात हा धडा नव्हता. हे तुम्हाला कोणी सांगितलं का?

पण खरा तोटा मार्कांचा नाही, समजेचा आहे. आज घरी एक प्रश्न विचारून बघा. उकळत्या पाण्यात खालून मोठाले बुडबुडे येतात, त्यात काय असतं? बंधाचा धडा पाठ असलेली कितीतरी लेकरं म्हणतील, “हायड्रोजन आणि ऑक्सिजन.” चूक! त्यात पाण्याचीच वाफ असते. अठरा ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्यातले हायड्रोजन-ऑक्सिजनचे सगळे बंध तोडायचे तर ९०० किलोज्यूलहून जास्त लागते. चुलीवर रेणू तुटत नाही, रेणूंनी एकमेकांचा धरलेला हात सुटतो. हा फरक कळला नाही तर पाचवा धडा नुसता टिंबं-रेघांचा खेळ राहतो. अष्टक पूर्ण करा, आकार पाठ करा, पर्याय क्रमांक तीन.

आणि उदाहरणं शोधायला लातूरला जायची गरज नाही. कढईत साखर टाका, वितळून तांबूस होते. मीठ टाका, कितीही जाळ घाला, कढईत ते वितळायचं नाही, कारण त्याला ८०१ अंश लागतात. मिठात आयन आयनाला धरून आहेत, साखरेत आख्खे रेणू एकमेकांना. फवारणीच्या टाकीत युरिया टाकला की पाणी गार पडतं, हे प्रत्येक शेतकऱ्याने हाताने बघितलंय. खडा सुटायला जी उष्णता लागते ती पाण्यातून घेतली जाते. माजलगाव धरणातलं पाणी शंभर अंशाला न पोचताच उन्हाळाभर उडत राहतं. माठ गार का आणि टाकी कोमट का? सिलिंडर हलवला की आत पाण्यासारखं काय डचमळतं? हा सगळा दहावा धडाच आहे. तो आपल्या शेतात आहे, स्वयंपाकघरात आहे, फक्त वर्गात नाही.

काहीजण म्हणतील, “लेकरांवर आधीच ताण आहे.” ताण कशाचा आहे ते बघा ना. आठवीला मराठीत ‘सहसंयुज बंध’ शिकलेलं लेकरू अकरावीत अचानक ‘कोव्हॅलंट बाँड’ ऐकतं आणि गप्प बसतं. जुना शब्द आणि नवा शब्द एकच आहे, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. दहावीला ‘अप्रकट उष्मा’ शिकलेल्या लेकराला वाफेचं गणित नवीन नाही. ताण शिकण्याचा नसतो, न समजता पाठ करण्याचा असतो. धडा कमी केल्याने तो कमी होत नाही, उलट उरलेले धडे लटकते होतात.

प्रॅक्टिकलचं तर बोलायलाच नको. बारावीला केमिस्ट्रीचे ७० मार्क लेखी, ३० प्रॅक्टिकल. वह्या भरलेल्या असतात, परीक्षानळ्या कोरड्या असतात. पैकीच्या पैकी मार्क पडले की आपणही खूश. पालकांनो, फुकटच्या मार्कांवर आपण पेढे वाटतो म्हणून हे चालतंय.

मग करायचं काय? मोर्चा नको. तीन गोष्टी करा. फी भरण्याआधी तोंडावर विचारा: राज्य मंडळाचा पूर्ण अभ्यासक्रम शिकवणार का? तसं लिहून द्या म्हणा. कॉलेजात जाऊन वर्षभरात प्रत्यक्ष किती प्रयोग झाले ते बघा, वही नको, लेकराला विचारा. आणि गावातल्या शिक्षकांनी सुट्टीत एक दिवस द्यावा. थर्मामीटर, मीठ, साखर, युरिया, बर्फ आणि एक शेगडी एवढ्यावर दोन्ही धडे निम्मे समजतात.

परीक्षेला काय येतं ते दिल्ली ठरवू दे. आपल्या लेकराला काय समजलं पाहिजे, ते तरी आपण ठरवू. ज्याला पाणी का उकळतं हे विचारायची सवय लागली, तो उद्या बोअरचं पाणी, खताची गोणी आणि पुढाऱ्याचं भाषण, सगळंच तपासून घेईल.

पटलं तर आपापल्या गावाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, वाद घालू. पण त्याआधी तो बुडबुड्याचा प्रश्न घरी विचारा.