खिशातला चाकू

मागच्या वर्षी मे महिन्यात भंडाऱ्याला मामेबहिणीच्या लेकीचा साखरपुडा होता. साड्यांचं खोकं उघडायचं होतं, चिकटपट्टी निघेना, कात्री सापडेना. नेहमीप्रमाणे मी खिशातून आजोबांचा चाकू काढला, नखानं पातं उघडलं आणि पट्टी सर्रकन कापली. तर मुलाकडचा एक तरुण पाहुणा दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "काका, तुम्ही चाकू घेऊन फिरता?"

हसून म्हणाला, पण सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. घरी येताना बायकोनं एवढंच म्हटलं, "आता ठेवा तो कपाटात." आणि मी ठेवला. कातडी पाकिटात, कापडात गुंडाळून, अगदी आदरानं.

तिथंच चुकलं माझं.

हा चाकू म्हणजे आमच्या घरातला 'राजरचा चाकू'. लहानपणी आम्हाला वाटायचं, राजर म्हणजे कुणीतरी राजाच असणार. पुढे इंग्रजी वाचता यायला लागलं तेव्हा कळलं, पात्याच्या बुडाशी 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स' आहे, मुकुटाच्या दोन बाजूंना 'जी' आणि 'आर' आहे, आणि एक चांदणी व एक क्रूस. ही चांदणी-क्रूसाची खूण शेफील्डच्या कटलर्स कंपनीच्या दप्तरात १६८२ सालची, म्हणजे शिवाजी महाराज जाऊन दोनच वर्षं झाली होती तेव्हाची! रॉजर्सकडे ती १७६४ मध्ये आली. 'जी आर' म्हणजे जॉर्ज राजाचा, तेव्हा आमचा चाकू १९५२ च्या आधीचा असावा. (म्हणजे राजा होताच की शेवटी. :))

आजोबा तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या मँगेनीज खाणीवर हजेरी कारकून होते. खाण तेव्हा 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगेनीज ओअर' या विलायती कंपनीची. १९६२ मध्ये सरकारी भागीदारीची 'मॉइल' झाली, त्या सुमाराला परत जाणाऱ्या एका साहेबानं तो आजोबांना दिला. आजोबा त्यानं पेन्सिलींना टोक करत, दातवण कापत, आणि हिवाळ्यात तळ्यांवरचे शिंगाडे आले की आम्हाला सोलून देत. शिंगाड्याची काटेरी शिंगं आधी उडवायची, मग पोटावर उभी चीर द्यायची. तेवढं बघायला आम्ही चार भावंडं रांगेत बसायचो.

मला या प्रकरणात एक गंमत नेहमी वाटते. आमच्या चिखल्या-डोंगरीचं मँगेनीज लागतं ते मुख्यतः पोलादाला, आणि मँगेनीज पोलादाचा शोध लावला १८८२ मध्ये शेफील्डच्याच रॉबर्ट हॅडफिल्डनं. आता खिशातल्या चाकूचं पातं काही त्या पोलादाचं नसतं, ते साधं कार्बनचं. तरी पण, आमच्या मातीतून काळा दगड विलायतेला जायचा आणि तिकडून असं चकचकीत काहीतरी यायचं, तेही साहेबाच्या खिशातून! मुठीला लावायचं सांबरशिंगसुद्धा शेफील्डला हिंदुस्थानातूनच जात असे. (आमच्या चाकूची मूठ हाडाची आहे. सांबरशिंगाची वस्तू विकत घेण्याआधी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा नीट वाचावा, हा फुकटचा सल्ला.)

असो. तर असे जुने विलायती चाकू बाळगणारे आम्ही पाचसहा जण आहोत. एक तुमसरचे तांदळाचे व्यापारी, एक पवनीचे निवृत्त मास्तर, एक कासार, बाकी माझ्यासारखे हौशी. तीनचार महिन्यांनी भेटतो. भेट म्हणजे काय, चहा, आणि टेबलावर पाचसहा चाकू. दुसऱ्याचा चाकू हातात घेण्याआधी विचारायचं, पात्याला बोट लावायचं नाही (घामानं गंज धरतो), परत देताना मिटून द्यायचा. आणि मिटताना कानाशी धरायचा. पाठीची स्प्रिंग चांगली असेल तर 'टक्' असा एकच स्वच्छ आवाज येतो. मास्तर म्हणतात, "बोलतो अजून."

आमच्यात एका गोष्टीवरून कायम वाजतं. तुमसरकरांचं म्हणणं, हे चाकू आता मिळत नाहीत, लिंटच्या कापडात ठेवा, वापराल तर किंमत जाईल. मास्तरांचं म्हणणं, वापरायचा नसेल तर घेतला काहून? मी आजवर कुंपणावर होतो. आता नाही.

कारण दिवाळीच्या साफसफाईत पाकीट उघडलं तर पात्यावर लाल गंजाचे ठिपके! भंडाऱ्याचा पावसाळा, बंद कपाट, आणि वर कातडं. कातडं ओल धरून ठेवतं आणि कमावतानाची रसायनं त्यात राहिलेली असतात, हे मला मास्तरांनी नंतर सांगितलं. साठ वर्षं खिशात, आंब्याच्या रसात, शिंगाड्याच्या पाण्यात राहून ज्याला काही झालं नाही, त्याला मी पाच महिन्यांत खाऊ घातलं. आंबा कापून कापून पात्यावर जी काळपट झाक येते ना, ती खरं तर त्याचं रक्षण करते. रोज वापरला की रोज पुसला जातो. कपाटात कोण पुसणार?

धारवाल्याकडे न्यायला निघालो होतो. मास्तर ओरडले, "मशीनवर धरला की नाव गेलं समजा." मग दोन दिवस शिवणयंत्राच्या तेलात ठेवला आणि कासारमित्रानं दिलेल्या पितळी पट्टीच्या कडेनं ठिपके हळूहळू खरवडले. पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो, पातं ओरखडत नाही. नाव वाचलं. चांदणी मात्र अर्धीच राहिली.

आता त्या तरुण पाहुण्याबद्दल. त्याच्यावर माझा राग नाही. रोज पेपरात चाकूहल्ल्याची बातमी वाचणाऱ्याला चाकू म्हटलं की दुसरं काय आठवणार? कायदाही मी शोधून पाहिला. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरकामाचे, शेतीचे त्यातून वगळलेले आहेत. माझं पातं जेमतेम अडीच इंच लांब. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणावाराला, निवडणुकीत मनाई आदेश निघतात, त्यात चाकू येतो. तेव्हा, आणि विमानाच्या वेळी, तो घरीच राहतो. मोर्चात, मिरवणुकीत नेत नाही. एवढं पाळायला माझी काहीच हरकत नाही.

हरकत आहे ती याला, की चाकू म्हणजे फक्त भोसकायची वस्तू असं आपण मुलांना शिकवतोय, न बोलता. माझी लेक अकरा वर्षांची. तिला मोबाइलमधलं सगळं येतं, पेन्सिलला चाकूनं टोक करता येत नाही. आजोबांनी मला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. पातं अंगापासून लांब, अंगठा पाठीवर, घाई नाही. बायको म्हणते, बोट कापेल. कापेल कदाचित. माझंही कापलं होतं, डाव्या तर्जनीवर खूण आहे अजून. बरेच दिवस आमचं यावर वाजलं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही समोर बसणार असाल तर."

डिसेंबरात बाजारातून अर्धा किलो शिंगाडे आणले. मी समोर बसलो. पहिला शिंगाडा सोलायला लेकीला दहा मिनिटं लागली आणि निम्मा गर सालीबरोबरच गेला. मग तिनं चाकू फडक्यानं पुसला, मिटला आणि कानाशी धरला.