दुष्काळाची खतावणी

शरदातील निरभ्र आकाश एरवी डोळ्यांना सुखावते. यंदा मराठवाड्यात त्याच आकाशाकडे पाहून माणसे गप्प होतात. मोसमी वारे परतले आहेत आणि पुढचा भरवशाचा पाऊस थेट जूनमध्ये. मधले सात महिने काढायचे ते आज जमिनीत जी ओल आहे, विहिरीत आणि धरणात जे पाणी आहे, तेवढ्यावरच.

पेरणीच्या वेळी हे संकट दिसत नव्हते. जुलैत पाऊस बरा झाला, सोयाबीन तरारले. नंतर ऑगस्ट कोरडा गेला; १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. सोयाबीनला फुले येण्याचे आणि शेंगा भरण्याचे दिवस नेमके तेच. रान दुरून हिरवे दिसत राहिले, पण शेंगेत दाणा भरला नाही. प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी तापते, त्या स्थितीला एल निनो म्हणतात. अशा वर्षी आपला पाऊस बहुधा दुबळा होतो. ही स्थिती साधारणपणे डिसेंबरच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि पुढे ओसरू लागते. म्हणून पुढच्या पावसाळ्याविषयी आजच निराश होण्याचे कारण नाही. या वर्षाचा हिशेब मात्र लागून गेला आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा निम्म्याहून कमी होता. तो ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे समन्यायी वाटपाचे सूत्र होते. त्यानुसार ३० ऑक्टोबरला ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. नगर-नाशिककडील शेतकऱ्यांची कुरकुरही खोटी नाही, त्यांच्याकडेही पाणी बेताचेच आहे.

दुसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, शासनाने १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला; २४ तालुक्यांत गंभीर, १६ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा. अंबड, भोकरदन, रेणापूर, बार्शी, करमाळा ही त्यांतली नावे आपल्या घराघरांत ओळखीची आहेत. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षाशुल्काची माफी, अशा सवलती मिळतील. या यादीत दुकानदाराची उधारी कोठेही नाही. ती असणारही नाही, कारण तो शेतकरी आणि आपण यांच्यातला व्यवहार आहे.

जूनमध्ये बियाणे, खत, किराणा, मुलीच्या लग्नाचे कापड, सगळे ‘सोयाबीन आल्यावर देतो’ या शब्दावर गेले. सोयाबीन आले ते उतारा घटून. आता आडतीवर मालाच्या पट्टीतूनच सारी बाकी कापून घेणे सोपे आहे. पण ज्याची पूर्ण पट्टी कापली गेली, त्याच्याकडे हरभऱ्याच्या बियाण्याला पैसे उरत नाहीत. तो दुसरीकडे चढ्या व्याजाने कर्ज काढतो किंवा बैल बाजारात नेतो, आणि पुढच्या वर्षी आपलेही गिऱ्हाईक राहत नाही. माझ्या मते पट्टीतून काही भाग घ्यावा, उरलेली बाकी बिनव्याजी नव्या वहीत ओढावी आणि ओल असेल तेथे रब्बीचे बियाणे अडवू नये. गावातल्या लहान दुकानदाराला हे एकट्याने झेपणार नाही, कारण त्याच्या डोक्यावर घाऊक व्यापाऱ्याची तारीख असते. तेव्हा ही मुदत वरून यायला हवी: जालना, लातूर, बार्शीच्या पेठांतील मोठ्या पेढ्यांनी आधी ती द्यावी.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध आहेत. बैलावर झेपेल त्याहून अधिक ओझे लादू नये, त्याचा चारापाणी तोडू नये, असा त्यांचा अर्थ आपण मुलांना सांगतो. तो अर्थ बैलाच्या धन्यालाही लागू करावा. चैत्रातल्या पाणपोईला दाते लगेच मिळतात, तेथे नावाचा फलक लागतो. दीपावलीला सोडलेल्या व्याजाचा फलक लागत नाही, हे खरे. वीर निर्वाण संवत् २५५० च्या नव्या वहीत कुंकवाचे बोट उमटवण्यापूर्वी जुन्या वहीची येणे बाकी कुटुंबाने एकत्र बसून वाचावी. कोणते नाव तगाद्याचे आणि कोणते सबुरीचे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते.

चाऱ्याचाही प्रश्न आताच सोडवण्याजोगा आहे. रब्बी ज्वारीचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. ओल नसल्याने यंदा ज्वारीचा पेराच कमी झाला, तर तो तुटपुंजा असेल आणि महागही. आपल्या पांजरापोळांचे विश्वस्त बहुधा उन्हाळा लागल्यावर आवाहन काढतात, त्या वेळी दर चढलेले असतात. शिवाय दुष्काळी गावातच घाऊक खरेदी केली, तर तेथील गरिबाच्या दोन जनावरांच्या तोंडचा चारा आपणच महाग करतो. जीवदयेच्या नावाने हे होऊ नये. कडबा पाऊस झालेल्या जिल्ह्यांतून आणि आजच्या दराने घ्यावा. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होईल, तेव्हा ठिकठिकाणच्या संघांच्या बैठका भरतीलच. चाऱ्याचा विषय सत्कारांच्या आधी घ्यावा.