सौरप्रकल्पास गावाचा विरोध : त्यामागील अर्थ

सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करण्याचे कार्य आपल्या राज्यात आता मोठ्या वेगाने चालू आहे. त्याबरोबरच ठिकठिकाणच्या गावांतून ‘आमच्या शिवारात हा प्रकल्प नको’ असा सूरही ऐकू येऊ लागला आहे. कोठे गायरान जाते म्हणून, कोठे पिकाची जमीन जाते म्हणून, तर कोठे गावाला विचारलेच नाही म्हणून हा विरोध होतो. असा विरोध दिसला की ‘लोक अडाणी आहेत, त्यांना प्रगती नको आहे’ असे म्हणून मोकळे होण्याची सवय आपणा कार्यकर्त्यांना लागलेली आहे. ही सवय सोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गावाचा विरोध ही अडचण नसून ती माहिती आहे. ती वाचता आली तर प्रकल्पही नीट होतो व गावही दुभंगत नाही.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दिवसा विजेची गरज रामटेक तालुक्यातील कास्तकाराइतकी थोड्यांनाच असेल. कृषी पंपांना पाळीपाळीने वीज मिळते आणि रात्रीची पाळी आली की त्याला अंधारात ओलितास जावे लागते. पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत ही गोष्ट किती धोक्याची आहे, हे देवलापार भागातील शेतकऱ्यास सांगावयास नको. साप, रानडुक्कर आणि वाघ यांच्या वाटेवर उभे राहून तो धानाला पाणी देतो. कृषी वाहिन्या सौर विजेवर चालवून दिवसा वीज द्यावी, याच हेतूने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. हा हेतू चांगला आहे. प्रश्न आहे तो जमिनीचा, आणि जमिनीसंबंधीचा निर्णय कोणी व कसा करावयाचा याचा.

जमीन घेण्याची रीत चुकली म्हणजे काय होते, याचे दुःखद उदाहरण आपल्या राज्यातच घडलेले आहे. धुळे जिल्ह्यातील विखरण येथील जमिनी प्रथम औष्णिक वीजकेंद्रासाठी घेण्यात आल्या व पुढे तेथे सौरप्रकल्पाची योजना झाली. तेथील ८४ वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील यांच्या पाच एकर जमिनीस सुमारे चार लक्ष रुपये मोबदला ठरला. शेजारच्या जमिनीस मात्र त्याच्या कित्येक पटींनी अधिक रक्कम मिळाली. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवूनही दाद लागेना, तेव्हा २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मुंबईस मंत्रालयात विष घेतले व २८ जानेवारीस त्यांचा अंत झाला. या वृद्धाचे भांडण सूर्याशी नव्हते किंवा विजेशीही नव्हते. आपल्या जमिनीचे मोल कोणत्या मापाने केले, एवढेच ते विचारीत होते. हे उत्तर त्यांना गावातच व वेळेवर मिळावयास हवे होते.

यावर कोणी म्हणेल की, आता जमीन विकत घेण्याऐवजी भाड्याने घेतात. मग तक्रार कसली? भाडेपट्ट्यात जमिनीची मालकी राहते, हे खरे आहे. कर्नाटकातील पावगडा तालुक्यात सुमारे १३,००० एकर जमीन शेतकऱ्यांकडून भाड्याने घेऊन २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभारले आहे. एकरी वार्षिक २१,००० रुपयांपासून तेथे भाडे सुरू झाले. तो भाग सतत अवर्षणाचा असल्याने पुष्कळ जमीनमालकांना हा आधारच वाटला. परंतु ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्या मजुरांचे काम गेले आणि मेंढपाळांच्या चराईच्या वाटा कुंपणांनी बंद झाल्या. भाडे सात-बाऱ्यावरील नावास मिळते. निंदणाची मजुरी करणाऱ्या बाईचे किंवा बटईने शेत करणाऱ्याचे नाव तेथे नसते.

आता हाच विचार रामटेकच्या मातीत करून पाहू. खिंडसीचे पाणी, पेंचचे कालवे आणि मालगुजारी तलाव यांवर येथील धानशेती उभी आहे. धानाची बांधी ही एकट्याची वस्तू नाही. वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत, तेथून तिच्या खालच्या बांधीत, असे ते धुऱ्याधुऱ्याने उतरत जाते. पिढ्यान्‌पिढ्या माती ओढून हा उतार बसविलेला आहे. मध्येच वीस-पंचवीस एकरांत लोखंडी खांब रोवले, रस्ता केला, केबलचे चर खणले व भोवती कुंपण घातले तर पाण्याची जुनी वाट तुटते. खालच्या कास्तकाराने कोणत्याच कागदावर सही केलेली नसते. पण त्याची बांधी एकतर कोरडी राहते किंवा बुडते. करार एकाचा होतो आणि परिणाम साऱ्या शिवारावर होतो. धानाच्या गावात एकट्या मालकाची संमती अपुरी ठरते, ती या कारणाने.

पैशाचा हिशेबही शांतपणे मांडावा. दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीस हेक्टरी वार्षिक १ लक्ष २५ हजार रुपये, म्हणजे एकरी ५० हजार रुपये, असा दर ठेवला असून त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. कोरडवाहू हलक्या जमिनीस ही रक्कम निश्चितच भरघोस वाटेल व ती घेणाऱ्यास कोणी दोष देऊ नये. परंतु ३ टक्के वाढीने हे भाडे पंचवीस वर्षांत जेमतेम दुप्पट होते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर त्याच अवधीत वस्तूंचे भाव चौपटीहून अधिक होतात. आज तरुण असलेल्या कास्तकाराने म्हातारपणी आपल्या हाती काय उरेल, हे आजच मोजले पाहिजे.

जमीन किती लागते, हेही ध्यानात घ्यावे. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. गावच्या उपकेंद्राजवळ तीन मेगावॅटचा प्रकल्प बारा ते पंधरा एकरांत बसतो व त्याची वीज त्याच परिसरातील पंपांना मिळते. शंभर मेगावॅटचा प्रकल्प मात्र चारशे-पाचशे एकर, म्हणजे एखाद्या गावाचे शिवारच गिळून टाकतो. दोहोंस आपण ‘सौर’ म्हणतो, पण गावाच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या वस्तू आहेत.

पडीत जमिनीवर प्रकल्प उभारावा, हा सल्ला सोपा वाटतो. आपल्या भागात तो तितका सोपा नाही. पूर्व विदर्भातील पुष्कळशी सरकारी पडीत जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली आहे आणि २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानली आहे. उरलेल्या गायरानावर गावाची गुरे चरतात. त्यामुळे प्रकल्पासाठी जागा शोधणाऱ्यांची दृष्टी खाजगी शेतांकडे वळणे साहजिक आहे, आणि म्हणूनच गावाने आधीपासून जागे असावयास हवे.

येथे आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. कोराडी येथील औष्णिक केंद्राच्या विस्तारासाठी २०२३ मध्ये जनसुनावणी झाली व लोकांना आपले म्हणणे उघडपणे मांडता आले. सौर विद्युत प्रकल्पांस पर्यावरणविषयक पूर्वपरवानगीच्या नियमांतून सूट आहे. साहजिकच तशी सुनावणी त्यांच्या वाट्यास येत नाही. धूर नाही म्हणून ही सूट दिली असेल. पण जमीन तर लागतेच. अशा स्थितीत गावाचे म्हणणे ऐकण्याचे खरे स्थान ग्रामसभा हेच उरते.

तेव्हा ग्रामसेवक व कृषी सहाय्यक बंधुभगिनींनी (या पदांची नावे अलीकडे बदलली असली तरी कार्य तेच आहे) पुढील गोष्टी कराव्यात, अशी आमची सूचना आहे. प्रकल्पाची बातमी लागताच, कोणाचीही सही होण्यापूर्वी, विशेष ग्रामसभा बोलवावी. गावाचे निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज कपाटातून बाहेर काढून सभेत मोठ्याने वाचावे. चराई, पाणवाट, स्मशानवाट व ओलिताचे रूढ हक्क आपल्या भागात त्यांतच नोंदलेले असतात. ओलिताची दुपिकी जमीन वगळावी व हलकी, मुरमाड जमीन आधी दाखवावी. पाण्याचा उतार नकाशावर काढून घ्यावा आणि पाणवाट मोकळी ठेवण्याची अट करारात घालण्याचा आग्रह धरावा. मुदत संपल्यावर खांब व काँक्रीट काढून जमीन पूर्ववत कोण करून देणार, हेही लिहून घ्यावे. प्रकल्पाच्या गावास तीन वर्षे दरवर्षी पाच लक्ष रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्यातून ज्यांची मजुरी बुडेल त्यांच्यासाठी प्रथम काय करता येईल, हे सभेनेच ठरवावे.

शेताच्या वर उंच सांगाड्यावर पॅनेल बसवून खाली पीक घेण्याचे, किंवा जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने केले त्याप्रमाणे पॅनेलच्या दोन ओळींमध्ये मूग-मटकीसारखी पिके घेण्याचे मार्गही आहेत. चिखलणीच्या धानाला ते जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण भाजीपाल्याच्या तुकड्यावर विचार करण्याजोगे ते खास आहेत.

कार्यकर्ता हा प्रकल्पाचा दलाल नव्हे आणि विरोधाचा पुढारीही नव्हे. सर्व कागद सर्वांपुढे ठेवणे, हे त्याचे काम आहे. इतके झाल्यावरही गावाने नाही म्हटले, तर ते ‘नाही’ जसेच्या तसे वर कळवावे. आणि गावाने होय म्हटले, तर त्या होकारात खालच्या बांधीचा मालक, बटईदार, गुराखी आणि रोवणी करणाऱ्या बाया यांचाही आवाज होता, एवढे त्याला छातीठोकपणे सांगता आले पाहिजे.