अनुशेष कोणाचा?

महाराष्ट्र हे देशातील पुढारलेले औद्योगिक राज्य आहे, असे राज्यकर्ते अभिमानाने सांगत असतात. पण 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्क्यांवर असताना नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात ती जेमतेम 64 टक्के होती. 1953 च्या नागपूर कराराने विदर्भ-मराठवाड्याला निधी, नोकऱ्या व धंदेशिक्षणातील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे अभिवचन दिले. तीस वर्षांनंतर दांडेकर समिती नेमावी लागली. मागे पडलेल्या जिल्ह्यांचा सुमारे 3,186 कोटी रुपयांचा अनुशेष तिने 1984 साली दाखवून दिला. 1994 साली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत निमूटपणे संपू देण्यात आली.

परंतु दांडेकर समितीचा हिशेब मुख्यतः रस्ते, पाटबंधारे, वीज, दवाखाने आणि शाळा यांचा होता. शाळा बांधून झाली, तरी तिच्यात बसायला मूल गावात आहे काय?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्या रित्या होऊ लागतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्राच्या, नाहीतर कर्नाटकाच्या फडात राबायचे. मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते आणि मूल फडाच्या कडेला धाकट्या भावंडाला सांभाळत असते. हंगामी वसतिगृहांची योजना कागदावर आहे. पण वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आईबाप धजत नाहीत. तिचे लग्न लवकर उरकले जाते आणि आणखी एक कोयता तयार होतो. अशिक्षित राहिलेली ही पिढी पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात उभी राहते.

म्हणजे कोरडवाहू मुलखाचे दारिद्र्य आणि साखरपट्ट्याची भरभराट या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत. स्वस्त मजूर पुरवणारा प्रदेश मागासलेला राहण्यातच कारखानदारांचा लाभ आहे. प्रादेशिक अन्यायाच्या नावाने गळा काढणारे पुढारी तरी कोण? त्यांतले पुष्कळसे स्वतःच कारखान्यांचे नाहीतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे धनी! मंडळे पुनरुज्जीवित झाली, तरी त्यांचा निधी यांच्याच हाती पडणार असेल तर ऊसतोडणी कामगाराच्या पदरात काय पडेल?

तोडणीच्या दराच्या करारातच मुलांच्या शिक्षणाचा खर्च कारखान्यांवर बंधनकारक करावा आणि उचलीच्या पाशातून मजुराला कायद्याने सोडवावे, ही मागणी एकट्या बीडची नाही. कोल्हापूरच्या साखर कामगाराने आणि सीमेपलीकडील बेळगावच्या शेतमजुरानेही ती आपल्या मागणीपत्रात घातली पाहिजे.