स्टेंट बसवलेला रुग्ण आणि वैद्याचे कर्तव्य

हृदयधमनीत स्टेंट बसवलेले रुग्ण आता आपल्या चिकित्सालयांतही नित्य येतात. ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करून आयुर्वेदिक औषध द्या’, अशी त्यांपैकी अनेकांची मागणी असते. ती मान्य करण्यापूर्वी स्टेंट धमनीत नेमके काय करतो, हे वैद्याने जाणून घेतले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फुग्याने रुंदावलेली धमनी आपल्या लवचिकतेमुळे पुन्हा आक्रसते. १९८६ साली मानवी हृदयधमनीत प्रथम स्टेंट बसवला गेला, तो तिला आतून टेकू देण्यासाठी. धातूची ही जाळी फुग्याच्या दाबाने फुलून धमनीभित्तीत रुतते. त्या दाबाने भित्तीचे नाजूक अस्तर दुखावते, तारांच्या आडोशाला रक्तप्रवाह मंदावतो आणि उघड्या धातूवर प्लेटलेट चिकटू लागतात. म्हणूनच तारांची जाडी पूर्वीच्या सुमारे १४० मायक्रॉनवरून ६० ते ८० मायक्रॉनपर्यंत उतरवली गेली. औषधलेपित स्टेंटमधील लेप पेशींची अतिवाढ रोखतो. परंतु नवे अस्तर येण्यासही त्यामुळे विलंब लागतो. तोवर ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांसारखी औषधेच गुठळीपासून रक्षण करतात. ती अकाली थांबवणे प्राणघातक ठरू शकते.

स्टेंटचा अतिरेक होतो, हा आक्षेप निराधार नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत, स्थिर हृद्रोगात आधी केवळ औषधोपचार करण्याच्या तुलनेत स्टेंट वा बायपासने मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. पण हा विचार स्टेंट बसवण्यापूर्वीचा आहे. बसवल्यानंतर त्याच्या आधारे गोळ्या थांबवता येत नाहीत.

मग आपले कार्य कोणते? चरकसंहितेत कफज नानात्मज विकारांत धमनीप्रतिचय सांगितला आहे. स्टेंट एका ठिकाणचा अवरोध दूर करतो. प्रतिचयाची प्रवृत्ती शरीरात तशीच राहते. निदानपरिवर्जन, पथ्य, व्यायाम, स्थौल्य व प्रमेह यांची चिकित्सा हे आपले हक्काचे क्षेत्र आहे. तेथे हृद्रोगतज्ज्ञाशी विचारविनिमय करून काम करण्यात कमीपणा नाही.

औषधालयांच्या चालकांनीही ‘ब्लॉकेज विरघळवणारे’ म्हणून औषध विकू नये. लसणाचा अर्क प्लेटलेटच्या कार्यावर परिणाम करतो. गुग्गुळामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे आढळले आहे. ग्राहकाला ‘स्टेंट आहे का?’ एवढे विचारण्यास क्षणभरच लागतो. तो प्रश्न विचारणे हा आपल्या व्यवसायाचा धर्मच आहे.